आचार्यांच्या गावाचे वाटेकरी



तुमच्यापैकी पुष्कळ जण पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव अशा गावांहून चेन्नईला आलेले आहात. त्या गावांना जोडणारा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग बेंगळुरूवरून पुढे याच शहरापर्यंत येतो, आणि चेन्नई साधारण चाळीस किलोमीटर उरली की त्यावर श्रीपेरुंबुदूर लागतं. कितीतरी जण भल्या पहाटे कंपनीच्या बसने तिकडे जाता. कुणी इरुंगाट्टुकोट्टईच्या मोटारींच्या कारखान्यात, कुणी ओरगडमला, कुणी सुंगुवारछत्रमला. शिफ्ट, ओव्हरटाइम, परतीची बस यांत त्या गावाशी तुमचं नातं बांधलेलं आहे. आज त्या गावाच्या आतल्या अंगाविषयी बोलावं, असं मनात आहे.

देशाला हे नाव २१ मे १९९१ च्या रात्री कळलं. प्रचारसभेसाठी आलेल्या राजीव गांधींची तिथे हत्या झाली. आज महामार्गाला लागून त्यांचं स्मारक आहे. त्या रात्रीविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून मी तिथे थांबत नाही. दाक्षिणात्य वैष्णवांच्या लेखी मात्र हे गाव फार आधीपासून मोठं आहे, कारण रामानुजाचार्यांचा जन्म इथला. परंपरेने दिलेलं साल १०१७.

मोठा माणूस ज्या गावात जन्मतो त्या गावाची एक अडचण होऊन बसते. गावाचा इतिहास विचारला की लोक त्या माणसाचं चरित्र सांगतात. गाव कुणी नांगरलं, तळ्याची गाळमाती कुणी काढली, खळ्यावरची रास कुणाकुणात वाटली गेली, देवळात कोण कुठवर जाऊ शकत होतं, हे सगळं चरित्राच्या कडेला पडून राहतं. श्रीपेरुंबुदूरचा इतिहास वाटेकऱ्यांच्या अंगाने विचारला पाहिजे, हे मला आज मांडायचं आहे. धान्यात वाटा कुणाचा, देवळात कुणाचा आणि आठवणीत कुणाचा? हा प्रश्न विचारायचा अधिकार खुद्द रामानुजांनीच आपल्याला दिला आहे, असं मी मानतो. ते कसं, ते सांगतो.

आधी मुलूख डोळ्यांपुढे आणू. डोंगर नाही, मोठी बारमाही नदी नाही. सपाट, तांबूस जमीन आणि तिच्यावर जागोजाग बांध घालून अडवलेलं पावसाचं पाणी. या तळ्यांना तमिळमध्ये एरी म्हणतात. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात कोसळतो, एरी भरते, भरलेल्या एरीचं जादा पाणी सांडव्यावरून खालच्या एरीत उतरतं, आणि त्या पाण्यावर भात पिकतो. चेंबरंबाक्कमचं प्रचंड तळं याच टापूतलं. चेन्नईचं पिणं बऱ्याच अंशी त्यावर चालतं, आणि डिसेंबर २०१५ च्या पुरात त्याचं नाव या शहरातल्या प्रत्येकाच्या तोंडी होतं. एरी नसती तर इथे गावं वसली नसती.

या पाण्याच्या आधाराने वसलेल्या गावांनी किती धर्मपुरुष दिले ते पाहिलं की माणूस थक्क होतो. आळ्वार म्हणजे विष्णूची पदं गाणारे तमिळ संत. त्यांच्यापैकी एक, तिरुमळिसै आळ्वार, पूनमल्लीजवळच्या तिरुमळिसैचे. रामानुज ज्यांना गुरुस्थानी मानत ते तिरुकच्ची नंबी खुद्द पूनमल्लीचे. रामानुजांचा भाचा आणि शिष्य मुदलियांडान नसरत्पेट्टईचा. मावसभाऊ गोविंद, म्हणजे पुढचे एम्बार, मधुरमंगलमचे. आणि शैवांचं 'पेरियपुराणम' रचणारे बाराव्या शतकातले सेक्किळार कुंद्रत्तूरचे. वैष्णव आणि शैव दोन्ही प्रवाहांची ही माणसं एकाच तळ्यांच्या प्रदेशातली. देहू आणि आळंदी एका दिवसाच्या चालीवर आहेत याचं आपल्याला नवल वाटतं. इथेही तसाच एक टापू आहे, आणि कंपनीची बस रोज त्यातून धावते.

श्रीपेरुंबुदूरचं जुनं नाव भूतपुरी. कथा अशी की, शंकराच्या नृत्याला हसल्यामुळे त्याचे भूतगण शापित झाले, इथे येऊन तप करू लागले, आणि आदिकेशवाने त्यांना मुक्त केलं. त्यासाठी निर्माण झालेलं तळं म्हणजे अनंतसरस. गावातलं आदिकेशव पेरुमाळचं देऊळ त्या कथेशी जोडलेलं आहे. वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांच्या यादीत मात्र या देवळाचं नाव नाही. ज्या क्षेत्रांवर आळ्वारांनी पदं गायली तीच त्या यादीत बसतात, आणि आळ्वारांनी या गावावर काही गायलेलं नाही. गावाचं माहात्म्य देवाच्या जोडीने एका माणसामुळे वाढलं, इतकं की इथल्या देवीचं नावच यतिराजनाथवल्ली आहे, आणि यतिराज म्हणजे रामानुज.

वडील केशव सोमयाजी, आई कांतिमती. मुलासाठी वडिलांनी तिरुवल्लिक्केणीच्या पार्थसारथीपुढे यज्ञ केला असं सांगतात. ते देऊळ आज चेन्नईच्या भर वस्तीत, मरीना किनाऱ्यापासून जवळच आहे. जन्म चित्तिरै महिन्यातला, नक्षत्र तिरुवादिरै, म्हणजे आपलं आर्द्रा. परंपरा त्यांना १२० वर्षांचं आयुष्य देते. आधुनिक अभ्यासकांपैकी काही जण जन्माचं साल बरंच अलीकडे आणतात. त्या वादाने माझ्या विषयात फारसा फरक पडत नाही. लग्नानंतर थोड्याच काळात वडील गेले, घर कांचीपुरमला हललं, आणि तरुण रामानुज तिरुप्पुट्कुळीला यादवप्रकाशांकडे वेदान्त शिकू लागले. गुरूशी मतभेद झाले. गुरूच्या मंडळींनी यात्रेच्या निमित्ताने त्यांना विंध्याच्या रानात नेऊन काटा काढायचा बेत केला, मधुरमंगलमच्या गोविंदाने वेळीच सावध केलं, आणि ते परत कांचीला आले, असं गुरुपरंपरा सांगते. मग तिथल्या वरदराज विष्णूच्या देवळासाठी रोज विहिरीचं पाणी वाहून नेणं हे काम त्यांनी अंगावर घेतलं.

आता तिरुकच्ची नंबींची गोष्ट, जरा सावकाश सांगतो. नंबी जातीने ब्राह्मण नव्हते. वरदराजाला विंझणवारा घालणं ही त्यांची सेवा, आणि देव त्यांच्याशी बोलतो अशी कांचीची श्रद्धा. संस्कृतात त्यांना कांचीपूर्ण म्हणतात. रामानुजांना त्यांचा उष्टा प्रसाद हवा होता, म्हणून त्यांनी नंबींना घरी जेवायला बोलावलं. बायकोला, तंजम्माला, स्वयंपाक करायला सांगितलं आणि नंबींना आणायला स्वतः निघाले. पण नंबी वेगळ्या वाटेने घरी पोचले. सेवेला परत जायची घाई होती, म्हणून म्हणाले, मला लगेच वाढा. तंजम्माने पान मांडलं, वाढलं. नंबी जेवून गेले. त्यांचं पान काठीने उचलून तिने बाहेर टाकलं, जागा सारवली, उरलेलं अन्न वाटून टाकलं, आंघोळ केली आणि नवऱ्यासाठी नव्याने चूल पेटवली. रामानुज घरी आले तेव्हा उष्टं शिल्लक नव्हतं, जेवलेल्या जागेची खूणही नव्हती. ओल्या केसांची बायको तेवढी होती. घडलं ते कळल्यावर ते हादरले. पुढे आणखी दोन प्रसंगांत नवराबायकोंचं पटलं नाही, तिला माहेरी पाठवून त्यांनी संन्यास घेतला.

परंपरा या गोष्टीत तंजम्माला दोष देते. मला ते पटत नाही. तिने काय केलं? लहानपणापासून तिला जे शिकवलं होतं तेच केलं. आईने, सासूने, शेजारणीने स्वयंपाकघर कसं राखायचं ते शिकवलं, तसं राखलं. ज्याने तिला वेगळं शिकवायला हवं होतं तो नवरा पाहुण्याला आणायला गेला होता. अग्रदूताच्या चरित्रात अशा बायकांना नेहमी अडसर म्हणून उभं करतात. एका गावाचं, एका समाजाचं रोजचं वागणं मात्र तिच्याच हातात असतं. तत्त्वज्ञान बदलायला एक माणूस पुरतो, पण पान कुठे टाकायचं आणि जागा सारवायची की नाही हे बदलायला पिढ्या जातात. या गोष्टीतून मला कळतं ते एवढंच.

मराठी माणसाला हा प्रसंग दूरचा वाटायचं कारण नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी अस्पृश्य मानलेल्या लोकांनी प्यायलं, आणि नंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते तळं 'शुद्ध' करून घेतलं. त्यानंतर पंधरवड्याच्या आत, एप्रिलच्या सुरुवातीला, बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईतून 'बहिष्कृत भारत' सुरू केलं. त्याच साली त्या पत्रात त्यांनी रामानुजांविषयी आदराने लिहिलं. हिंदू धर्मात समतेसाठी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांत त्यांची गणना केली, कांचीपूर्णाला गुरू मानल्याचा दाखला दिला, आणि जेवणानंतर घर शुद्ध करून घेतल्याचा हा प्रसंगही मांडला. महाडच्या तळ्याची जखम ओली असताना बाबासाहेबांना कांचीचं ते सारवलेलं घर आठवावं, यात मला फार मोठा अर्थ दिसतो. श्रीपेरुंबुदूरच्या मुलाची गोष्ट कोकणातल्या तळ्यापर्यंत पोचली ती धर्मपीठांनी नेली म्हणून पोचली नाही. ज्याला तिची गरज होती त्याने ती हाक मारून आणली.

रामानुज श्रीरंगमला गेले आणि तिथलेच झाले. 'श्रीभाष्य' लिहिलं, विशिष्टाद्वैताची मांडणी पक्की केली, हे आपल्याकडे पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतं. त्यांचं दुसरं मोठं काम आपण विसरतो. ते विलक्षण व्यवस्थापक होते. श्रीरंगमच्या देवळाची बखर म्हणावी असा 'कोयिल ओळुगु' नावाचा ग्रंथ आहे. त्यात देवळाच्या सेवकांची त्यांनी कशी विभागणी केली, कुणाला कोणतं काम आणि कोणता मान दिला, याची दीर्घ नोंद आहे. त्यात ब्राह्मणेतर सेवकांनाही नेमून दिलेली कामं आणि मान आहेत. स्नानाला कावेरीवर जाताना ते मुदलियांडानच्या खांद्याचा आधार घेत, आणि स्नान करून परतताना पिळ्ळै उरंगाविल्ली दासाच्या. हा दास पूर्वाश्रमीचा मल्ल, खालच्या मानलेल्या जातीचा. तक्रार करणाऱ्यांना उत्तर म्हणून त्यांनी हे रोजच्या दिनक्रमातच घालून ठेवलं होतं. चोळ राजाच्या छळामुळे कर्नाटकात जावं लागलं तेव्हा मेलकोट्याला अस्पृश्यांना देवळात प्रवेश दिला, असंही परंपरा सांगते. तो प्रवेश वर्षातले मोजके दिवस होता. सुधारणा किती दूर गेली आणि कुठे थांबली, दोन्ही एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे.

आणि त्यांचं जन्मगाव? गावाने त्यांना परत मागून घेतलं, मूर्तीच्या रूपात. मुदलियांडानचा मुलगा कंदाडै आंडान याने रामानुज हयात असतानाच त्यांची मूर्ती करवली, रामानुजांनी तिला आलिंगन दिलं आणि मग ती श्रीपेरुंबुदूरला बसवली, असं मानतात. ती 'तान् उगंद तिरुमेनी', स्वतः त्यांना आवडलेली मूर्ती. मेलकोट्याची मूर्ती शिष्यांना आवडलेली, आणि श्रीरंगमला तर त्यांचा देहच राखला आहे अशी श्रद्धा. चित्तिरैच्या उत्सवात या मूर्तीला एक दिवस पांढरी वस्त्रं नेसवतात. छळातून निसटताना भगवी काढून त्यांना गृहस्थाचे पांढरे कपडे घालावे लागले, त्याची ही आठवण. हजार वर्षांपूर्वीची पळापळ गाव दरवर्षी कपड्यांतून सांगतं. मला हे विजयाच्या मिरवणुकीपेक्षा जास्त भावतं.

वैष्णव देवळात गेलेल्यांना ठाऊक असेल, दर्शनानंतर पुजारी डोक्यावर शठारी टेकवतात. ती देवाच्या पादुकांच्या जागी असते. नम्माळ्वारांच्या सन्निधीत त्या पादुकांना रामानुज म्हणतात, आणि रामानुजांच्या पादुकांना मुदलियांडान. नम्माळ्वार वेळ्ळाळ जातीत जन्मलेले, म्हणजे वर्णाच्या हिशोबात शूद्र. ब्राह्मण आचार्य त्यांच्या पायीचा, आणि आचार्याचा ब्राह्मण भाचा आचार्याच्या पायीचा. भक्ताच्या डोक्याला शठारी लागते तेव्हा ही सगळी उतरंड, जातीच्या उतरंडीच्या उलट रचलेली, त्याला स्पर्श करते. तिरुवरंगत्तु अमुदनारांचं १०८ पद्यांचं 'रामानुज नूट्रंदादी' मूर्तीपुढे गोष्टीत म्हणतात. गोष्टी म्हणजे ओळीने उभं राहून पाठ करणारी मंडळी. त्या गोष्टीत कोण उभं राहणार, तीर्थ पहिलं कुणाला, यावरून तमिळ देशात वडकलै आणि तेन्कलै या दोन पंथांच्या वैष्णवांची भांडणं पिढ्यान्पिढ्या चालली, कांचीची तर कोर्टापर्यंत गेली. पादुकांनी जे शिकवलं ते गोष्टीच्या रांगेत टिकवणं अवघड गेलं.

आता देवळातून खळ्यावर येऊ. इथे इतिहास फार भरीव आहे. ईस्ट इंडिया कंपनीला १७६३ मध्ये अर्काटच्या नवाबाकडून चेंगलपट्टूचा मुलूख जहागीर म्हणून मिळाला. श्रीपेरुंबुदूर त्यातच येत होतं. कंपनीचा इंजिनियर थॉमस बर्नार्ड याने १७६७ ते १७७४ या काळात तिथल्या सुमारे दोन हजार गावांची पाहणी केली. गावात घरं किती, एरी किती, जमीन कुणाकडे, आणि उत्पन्नातून कुणाला किती जातं, हे त्यात नोंदलं गेलं. त्र्यंबक नारायण आत्र्यांचा १९१५ चा 'गावगाडा' ज्यांनी वाचला आहे त्यांना या नोंदी वाचताना ओळखीचं वाटेल. भात झोडून खळ्यावर रास झाली की सरकारचा आणि कुळाचा वाटा काढण्याआधीच त्या राशीतून मापं भरून बाजूला काढली जात. देवळाला, पंचांग सांगणाऱ्याला, हिशेब ठेवणाऱ्या कणक्काला, लोहार-सुताराला, परटाला, न्हाव्याला, एरीचं पाणी सोडणाऱ्याला आणि राखण करणाऱ्याला. माप मरक्कालने मोजायचं. याशिवाय सारामाफ मान्यम जमिनी. आपल्याकडच्या बलुत्यासारखंच, फक्त इथे देवळाचं वजन फार मोठं. दिव्याचं तेल, नैवेद्याचा भात, वेदपाठ्याचं पोट हे सगळं एका राशीतून निघत होतं. रामानुजांच्या मूर्तीपुढे जळणाऱ्या दिव्याखाली शेतकऱ्याचं खळं होतं, हे चरित्रात कुठेच येत नाही.

१७८० मध्ये हैदर अलीची फौज कर्नाटकात उतरली आणि हा प्रदेश उद्ध्वस्त झाला. कांचीजवळ पोल्लिलूरला १० सप्टेंबरला इंग्रजांच्या तुकडीचा पाडाव झाला. पुण्याचे कारभारी नाना फडणवीस तेव्हा हैदर आणि निजामासह इंग्रजांविरुद्धच्या आघाडीत होते, म्हणजे या ओसाड पडलेल्या खेड्यांच्या दुःखाचा एक धागा शनिवारवाड्यापर्यंत जातो. पुढे १७९४ ते १७९८ लायनेल प्लेस हा कलेक्टर झाला. एरींची दुरुस्ती आणि कांचीच्या उत्सवांचा थाट या दोन्हींत त्याने लक्ष घातलं. महसूल हवा तर तळं भरलं पाहिजे, आणि माणसं परत हवीत तर देऊळ उघडं पाहिजे, हे त्याला कळलं होतं.

राशीत सर्वांना वाटा होता, हे ऐकायला छान वाटतं. या व्यवस्थेवर लिहिणारे पुष्कळ जण इथेच थांबतात आणि जुनं गाव म्हणजे सामंजस्याचं चित्र म्हणून उभं करतात. ते चित्र अर्धं आहे. जमिनीचा हक्क मिरासदारांकडे होता, दख्खनमधल्या मिरासदारांसारखाच वंशपरंपरेने. नांगर धरणारा परैयर या दलित जातीचा मजूर गावाबाहेरच्या वस्तीत, चेरीत, राहत होता, आणि त्याच्या झोपडीखालची जमीनसुद्धा त्याची नव्हती. १८९१ मध्ये चेंगलपट्टूचा कलेक्टर ट्रेमेनहीर याने परैयरांच्या स्थितीवर एक सविस्तर टिपण सरकारला पाठवलं. मिरासदाराने मनात आणलं तर मजुराला राहत्या जागेतून हुसकावता येतं, आणि पडीक जमीन मागायला गेला तर मिरासदाराचाच हक्क आधी पुढे येतो, हे त्याने पुराव्यांसह मांडलं. त्यातून १८९२ मध्ये दलितांना जमीन देण्याचा सरकारी आदेश निघाला. या जमिनींना पंचमी जमीन म्हणतात. त्या इतर जातींना विकता येत नाहीत असा नियम होता, तरीही त्यातल्या पुष्कळ हातातून गेल्या. ऑक्टोबर १९९४ मध्ये याच चेंगलपट्टू भागात कारणै गावच्या पंचमी जमिनीसाठी आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण मेले. आपल्याकडच्या महार वतनाचा लढा बाबासाहेबांनी १९२८ पासून कौन्सिलात लढवला, ते वतन कायद्याने संपायला १९५८ उजाडलं. दोन्ही प्रांतांत एकच गोष्ट दिसते. राशीतला वाटा देताना जमिनीतला वाटा राखून ठेवला होता.

विसाव्या शतकात तमिळ देशात देवळाच्या दाराचा प्रश्न रस्त्यावर आला. जुलै १९३९ मध्ये मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात वैद्यनाथ अय्यरांनी दलितांना बरोबर घेऊन प्रवेश केला. आपल्याकडे साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषण केलं. दार उघडल्यावर पुढचा प्रश्न गाभाऱ्याचा. पुजारीपण जन्माने ठरायचं की शिकून? तमिळनाडूने १९७१ मध्ये वंशपरंपरागत अर्चकपद रद्द केलं. मग खटले आले. २००६ नंतर सर्व जातींच्या मुलांसाठी अर्चक प्रशिक्षणाच्या शाळा निघाल्या, शिकलेली मुलं वर्षानुवर्षं नेमणुकीची वाट पाहत राहिली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांच्यातल्या २४ जणांना नेमणूकपत्रं मिळाली. पंढरपूरला बडवे-उत्पातांचे हक्क सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये संपवले, आणि मंदिर समितीने पूजेसाठी सर्व जातींतून, स्त्रियांतूनही, अर्ज मागवले.

या सगळ्या झगड्यात एक वेगळी घटना घडली. आयुष्यभर नास्तिक राहिलेले, द्रविड चळवळीचे नेते एम. करुणानिधी यांनी नव्वदी ओलांडल्यावर रामानुजांवर टीव्ही मालिका लिहिली. २०१५ मध्ये ती सुरू झाली. त्यांना रामानुजांत धर्मातला बंडखोर दिसला. दोन वर्षांनी सहस्राब्दी आली, टपालाचं तिकीट निघालं, आणि २०२२ मध्ये हैदराबादजवळ २१६ फुटांचा पुतळा उभा राहिला, त्याला समतेची मूर्ती असं नाव दिलं. नास्तिक चळवळीलाही ते हवेत, मठांनाही आणि सरकारलाही. हा आदर मला खरा वाटतो. पण इतक्या उंच पुतळ्यावरून खळं दिसत नाही, म्हणून मी पुन्हा गावात येतो.

श्रीपेरुंबुदूरच्या आसपासची भातखाचरं १९९० च्या दशकापासून औद्योगिक वसाहतीत गेली. १९९८ मध्ये ह्युंदाईची पहिली गाडी इरुंगाट्टुकोट्टईतून बाहेर पडली. नोकियाचा प्रचंड कारखाना २००६ मध्ये आला आणि २०१४ च्या नोव्हेंबरात बंदही झाला. हजारो हातांचं काम आठ वर्षांत आलं आणि गेलं. डिसेंबर २०२१ मध्ये फॉक्सकॉनच्या कामगार मुलींच्या वसतिगृहात अन्नातून विषबाधा झाली, आणि तमिळनाडूच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या त्या मुली याच बेंगळुरू महामार्गावर बसल्या. त्यांची मागणी होती नीट शिजवलेल्या अन्नाची आणि माणसाला राहता येईल अशा खोलीची. रामानुजांच्या जन्मगावापासून काही किलोमीटरवर, कांचीच्या त्या जेवणानंतर कित्येक शतकांनी, पुन्हा प्रश्न पानात काय वाढलं आणि कुणाला वाढलं हाच होता. ऑगस्ट २०२२ मध्ये परंदूरला चेन्नईचा दुसरा विमानतळ जाहीर झाला, तेव्हापासून तिथल्या एकनापुरम गावचे लोक आपली घरं आणि एऱ्या वाचवायला आंदोलन करत आहेत. ज्या एरी-व्यवस्थेने हा मुलूख उभा केला ती आता धावपट्टीच्या नकाशात शिरली आहे. विकास हवा की नको, असा सोपा प्रश्न मी करत नाही. तुमची माझी भाकरी त्याच कारखान्यांतून येते. पण जमीन जाताना भरपाई ज्याच्या नावावर सातबारा असतो त्याला मिळते. इथला सातबारा म्हणजे पट्टा. ज्याच्या नावावर पट्टा नव्हता, जो पिढ्यान्पिढ्या नुसता नांगर धरत होता, त्याच्या हाती काय आलं, हे विचारायला आपण इथले रहिवासी बांधलेले आहोत.

शेवटी एक विनंती. आपल्याकडे पेशवे दफ्तरावर किती माणसांनी आयुष्य घातलं. इथे बर्नार्डच्या नोंदींमागे त्या त्या गावच्या तमिळ ताडपत्रांचा पाया आहे. त्यांवर काम करायला तमिळही येणारी आणि मोडीही येणारी माणसं लागतील, कारण तंजावरच्या मराठी राज्याची कितीतरी कागदपत्रं याच प्रांतात मोडीत पडून आहेत. त्या दोन्ही कागदांत मिरास, मान्यम, देवळाचे वाटे हेच विषय येतात. तुमच्या घरातली मुलं इथे जन्मली, ती शाळेत तमिळ शिकतात, घरी मराठी बोलतात. त्यांच्यापैकी एका-दोघांना हा अभ्यास करायचा असेल तर त्यांना अडवू नका. त्यांनी चित्तिरैच्या उत्सवात रामानुजांची पांढरी वस्त्रं पाहावीत, तिथून मधुरमंगलमला जावं, चेरीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं की तुमच्या आजोबांना खळ्यावरून काय मिळायचं, आणि ते लिहून काढावं, तमिळमध्ये आणि मराठीत. असं काम कुणी हाती घेतलं तर त्याच्या पहिल्या वर्षाचा प्रवास-खर्च आणि पुस्तकांचा खर्च मी द्यायला तयार आहे. सभा संपल्यावर मी इथेच आहे, बोलायचं असेल त्यांनी भेटावं.